उश्मालच्या फाटकाबाहेर

“गाईड, सेन्योर? इंग्लिश गाईड?”

उश्मालच्या तिकीटखिडकीसमोर तो म्हातारा मला आडवा आला. छातीवर बिल्ला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर वेताची हॅट. वयानं माझ्याएवढाच, सत्तरीला टेकलेला.

“नो गाईड,” मी म्हणालो आणि पुढे निघालो.

चार पावलं गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. एकतीस वर्षं मी वेरूळच्या फाटकावर असाच बिल्ला लावून उभा होतो आणि हेच दोन शब्द रोज ऐकून घेत होतो. हातात पुस्तक धरून एकटेच लेणी बघणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ‘पुस्तकवाले’ म्हणायचो. त्यांना पुस्तकात सोळा नंबर सापडायचा, पण डोळ्यांसमोरचं कैलास लेणं दिसायचं नाही, असं आमचं ठाम मत. आता घरापासून अर्ध्या जगावर, मेक्सिकोत, मायांच्या ओसाड शहराच्या दारात मीच पुस्तकवाला झालो होतो. फरक एवढाच, की माझ्या हातात पुस्तक नव्हतं. वृंदानं लिहून दिलेला चौकटींचा कागद होता.

वृंदा माझी एकुलती एक मुलगी. तिथून दीड तासावर मेरिदा नावाचं शहर आहे, तिथल्या कारखान्यात ती इंजिनिअर. तिची आई गेली, त्यानंतर वर्षभरानं तिनं मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. ते तीन महिने संपत आले होते. तो शनिवार होता आणि मंगळवारी माझं परतीचं विमान होतं. खुलताबादच्या घरात एकट्यापुरता कुकर लावायचा मला धसका बसला होता. वृंदानं एकदा ‘अप्पा, राहा’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ती म्हणत नव्हती. आणि मी विचारणार नव्हतो, कारण आमच्या घरात वाकायची सवय कुणालाच नाही.

ती माझं सगळं वेळच्या वेळी करायची. गोळ्यांची डबी भरून ठेवायची, माझ्यासाठी कुठून कुठून ज्वारीचं पीठ पैदा करायची. पण बोलायची ती कामापुरतं. जेवताना मी वेरूळचा एखादा किस्सा काढला की ती उठून ओटा पुसायला लागायची.

“तू येत नाहीस का?” कागद हातात ठेवला तेव्हा मी तिला विचारलं होतं.

“शनिवारी अर्धा दिवस कारखाना असतो. जाताना बसनं जा. साडेतीनला मी घ्यायला येते. सगळं लिहिलंय त्यात.”

“मग तिथं गाईड तरी करतो एखादा.”

“नको. तुम्ही त्याच्याशी बोलत बसाल, बघणार काहीच नाही. एकट्यानं बघा, अप्पा. एक दिवस.”

कागदावरचा पहिला थांबा होता मोठा पिरॅमिड. ‘पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवा,’ असं लिहिलं होतं. मी वाजवली. वरून पाखराच्या चिवचिवाटासारखा आवाज परत आला. मी आणखी एक वाजवली. पुन्हा तसाच आवाज. मला हसू फुटलं. आमच्या दहा नंबरच्या लेण्यात मी पाहुण्यांच्या पार्टीला मध्ये उभं करून बुद्धवंदना म्हणायचो, तेव्हा छत घुमायला लागायचं आणि गोऱ्या बायका डोळे मिटून घ्यायच्या. ही करामत त्याच जातकुळीतली. “बघा मंडळी,” म्हणत मी मागे वळलोसुद्धा. मागे कुणीच नव्हतं. गवतात एक भला मोठा सरडा मान वर करून बसला होता, तेवढाच.

पुढचं सगळं मी असंच बघितलं. चारही बाजूंनी ओवऱ्या असलेलं प्रचंड अंगण, भिंतीवर एकावर एक रचलेले पावसाच्या देवाचे लांब नाकाचे मुखवटे, कासवं कोरलेलं एक नेटकं घर, राजवाड्यासमोर दोन डोक्यांच्या जग्वाराचं दगडी आसन. कारागीर कुठलाही असो, दगड नीट बसवलेला बघून मला आत कुठंतरी बरं वाटतं. तिथंही वाटलं. पण ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पचनी पडेना. आयुष्यभर मी बोलण्यावर पोट भरलेलं. राजवाड्याच्या पायरीवर बसून मी डबा उघडला, तिनं दिलेली मेथीची पोळी खाल्ली, आणि मला फार एकटं वाटलं. घरात एकटं वाटतं ते निराळं. इथं माणसं घोळक्यानं येत होती, हसत होती, एकमेकांचे फोटो काढत होती, आणि त्यातल्या एकालाही मी नसतो तरी चाललं असतं.

कागदावरची शेवटची ओळ अशी होती: ‘साडेतीनला फाटकाबाहेर, गाडीतळासमोर झाडाखाली कट्टा आहे. तिथं बसा. मी येईपर्यंत हलू नका.’

मी सव्वातीनलाच जाऊन बसलो. समोर टुरिस्टांच्या तीन मोठ्या बसगाड्या उभ्या होत्या, त्यांच्या मागे मोटारी. साडेतीन झाले, पावणेचार झाले. माझा फोन तिथं चालत नव्हता. चारच्या सुमाराला एक पार्टी बाहेर आली आणि पहिल्या बसमध्ये चढायला लागली. मी आपला त्यांच्याकडे बघत बसलो.

“किती भरले?” बाजूनं कुणीतरी मोडक्या इंग्रजीत विचारलं. सकाळचा म्हातारा गाईड कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला होता.

“काय किती?”

“तुम्ही मोजताय.” त्यानं माझ्या हाताकडे बोट दाखवलं. माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. “टुरिस्ट मोजत नाही. गाईड मोजतो.”

चोरी पकडली गेली होती. “चौतीस,” मी म्हणालो. “इंडिया. वेरूळ. एकतीस वर्षं.”

त्यानं मांडीवर थाप मारली. “मग सकाळी ‘नो गाईड’ का? धंद्यातल्या माणसाला मी फुकट फिरवलं असतं!”

“मुलगी म्हणाली, एकट्यानं बघा.”

“मुली,” तो म्हणाला आणि दोन्ही हात वर केले. त्याला तीन होत्या.

त्याचं नाव एउसेबिओ. त्यानं पिशवीतून संत्रं काढून सोललं, त्यावर तिखट भुरभुरलं आणि अर्धं मला दिलं. त्याचं इंग्रजी जेमतेम होतं, पण पाहुण्यांसाठी शिकलेलं माझं फ्रेंच त्याच्या स्पॅनिशला थोडंफार टेकू देत होतं. हा पिरॅमिड एका बुटक्यानं एका रात्रीत बांधला, ही गोष्ट तो रोज सांगत असे. “खरी?” मी विचारलं. “लोकांना आवडते,” तो म्हणाला. आम्ही दोघंही मनापासून हसलो. गाईडच्या गोष्टीत मीठमसाला किती हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी कुणाशी तरी माझ्या भाषेत बोलत होतो, असं मला वाटलं.

“कधी माणूस मागे राहिला?” त्यानं विचारलं. “माझा एक जर्मन राहिला होता. अंगणात सावलीला झोपला. अर्ध्या वाटेवरून बस परत आणली. तुमचा?”

“नाही,” मी म्हणालो. “एकही नाही.”

हे खोटं नव्हतं. माझी पार्टी कधीच कमी भरली नाही.

पण आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली एक हकिगत आहे, ती अशी. वृंदा तेव्हा नऊ वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत तिनं हट्टच धरला की अप्पा, मला तुमच्या पार्टीबरोबर न्या. माझी मुलगी असून तिनं लेणी बघितली होती ती फक्त शाळेच्या सहलीत. त्या दिवशी मी तिला नेलं. आठ फ्रेंच माणसं होती. सोळा नंबरमध्ये तिचे पाय दुखायला लागले, तेव्हा मी तिला अंगणातल्या दगडी हत्तीजवळ बसवलं. म्हणालो, “मी यांना वरचं दाखवून आणतो. तू हलू नकोस.” वरून उतरलो तो दुसऱ्या बाजूनं. पार्टीला संध्याकाळी औरंगाबादहून मुंबईचं विमान होतं, उशीर झाला होता. मी फाटकावर मोजले, आठ भरले. गाडीत घातले, निघालो. विमानतळावर त्यांना पोचवलं आणि तेव्हा मला मुलीची आठवण झाली. मी परत आलो तोवर पहारेकरी शेखचाचांनी तिला घरी आणून सोडलं होतं. लेणी बंद करताना ती त्यांना सापडली. तीन तास ती त्याच जागी होती. उठायला तयार नव्हती, चाचांना तिला उचलून आणावं लागलं. “अप्पांनी हलू नको सांगितलंय,” एवढंच ती म्हणत होती. तिची आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. “पोटची पोर कुणी विसरतं का?” असं ती पुढे म्हणायची. मी मान खाली घालायचो आणि म्हणायचो, “विसरलो खरा.” वृंदानं त्याविषयी चकार शब्द काढला नाही. तेव्हाही नाही, मोठी झाल्यावरही नाही.

साडेचार वाजले. पहिली बस केव्हाच गेली होती, आता दुसरीही गेली. एउसेबिओची गाडी निघायची वेळ झाली. रोज पाच-सहा गाईड मिळून एका गाडीनं मेरिदाला जायचे. तो माझा दंड धरून उठवायला लागला.

“चला. जागा आहे. घरी सोडतो.”

“मुलगी यायची आहे.”

“तास होऊन गेला. रस्त्यात भेटली तर थांबवू.”

“तिनं हलू नका म्हटलंय.”

त्यानं गाडीवाल्याला थांबायला सांगितलं, पुन्हा माझ्याकडे आला, पुन्हा आग्रह केला. खरं तर माझाही धीर सुटत चालला होता. परका देश, भाषा येत नाही, फोन बंद, आणि फाटक पाचला बंद होणार. तरी मी उठलो नाही. शेवटी त्यानं उरलेलं संत्रं माझ्या हातात ठेवलं, हॅट काढून सलाम केला आणि गेला. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. सत्तरीचा माणूस मी! आणि मग मनात आलं, ती तर नऊ वर्षांची होती.

पाच वाजता तिसरी बस सुरू झाली. वळसा घेऊन ती बाहेर पडली आणि तिच्यामागे वृंदाची पांढरी गाडी उभी होती. वृंदा स्टिअरिंगमागे बसून माझ्याकडे बघत होती. आत्ता येऊन थांबलेल्या माणसासारखी नव्हे. काचेवर झाडाची पानं पडून साचली होती.

मी उठलो नाही. तीच उतरली, रस्ता ओलांडून आली आणि एउसेबिओ बसला होता तिथं बसली.

“कधी आलीस?” मी विचारलं.

“साडेतीनला.”

“मग?”

“बघायचं होतं, तुम्ही किती वेळ बसता ते. बसच्या काचांतून दिसत होतात. दहा मिनिटांनीच येणार होते. मग पाय उचलेना. तुम्हाला सोडून बसले होते, मला माझीच भीती वाटायला लागली. पण उतरवत नव्हतं.” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “त्या म्हाताऱ्यानं तुमचा हात धरला, तेव्हा वाटलं, जाणार आता तुम्ही. म्हटलं जाऊ देत. म्हणजे सुटले मी.”

“नाही गेलो.”

“नाही गेलात.”

मला राग यायला हवा होता. दीड तास मला ताटकळत ठेवलं होतं तिनं. पण राग आलाच नाही. उलट बरं वाटलं, की इतक्या वर्षांनी का होईना, पोरीनं माझ्याशी भांडण तरी काढलं.

“अप्पा, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“वेरूळला हत्तीजवळ बसले होते ना, तेव्हा मला सारखं वाटत होतं, तुम्हाला माहीत आहे मी इथं आहे ते. माहीत असून तुम्ही येत नाही आहात. आई म्हणायची, विसरला गं तो, धांदरट आहे. पण मला कधी पटलंच नाही. तेहेतीस वर्षं झाली, अजून नाही पटत. म्हणून तुम्ही घरात असलात की माझा जीव घाबरा होतो. तुम्ही काही केलं नाहीत तरी.” आता ती सरळ माझ्याकडे बघत होती. अगदी तिच्या आईचे डोळे. “आज तुम्हाला इथं बसलेलं बघितलं. हललासुद्धा नाहीत. असा माणूस मुलीला मुद्दाम टाकून जाणार नाही, असं वाटलं मला. खरंच विसरला होतात ना, अप्पा?”

वेरूळहून औरंगाबादला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. रस्ता तिथं जुन्या वेशीतून जातो आणि वेस अरुंद असल्यामुळे गाडी हळू करावी लागते. त्या दिवशी आमची गाडी वेशीपाशी हळू झाली, आणि मला वृंदा आठवली. हत्तीजवळ बसलेली, निळ्या फ्रॉकमधली. मी ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं. पार्टीची म्होरकी एक बाई होती, ती शेजारी बसली होती. पाचच मिनिटांपूर्वी ती म्हणाली होती, पुढच्या वर्षी चाळीस माणसं आणीन आणि सगळ्यांना तुझ्याच हवाली करीन. गाडी वळवली असती तर त्यांचं विमान चुकलं असतं. मी हिशेब केला. शेखचाचा आहेत. पोरगी समजूतदार आहे. तासाभराचा तर प्रश्न आहे. उघडलेलं तोंड मी मिटलं. नाही, मिटलंही नाही. बाई किल्ल्याकडे बघत होती, म्हणून मी तिला किल्ल्यावरच्या मेंढा तोफेची गोष्ट सांगितली. पूर्ण, हातवारे करून. ती चाळीस माणसं पुढच्या वर्षी आली नाहीत, ती बाईही आली नाही.

हे मी तिच्या आईला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

“अप्पा?”

मी सांगणार होतो. आजही देवाशपथ म्हणतो, त्या कट्ट्यावर शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण ती माझ्याकडे अशा आशेनं बघत होती, आणि मंगळवारचं विमान तीन दिवसांवर होतं.

“साफ विसरलो होतो गं,” मी म्हणालो. “मोजणीच्या नादात.”

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली, नवव्या वर्षी रडली नव्हती तेवढी. फाटक बंद करणारा शिपाई थबकून आमच्याकडे बघायला लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. परत जाताना गाडीत अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, “ते तिकीट रद्द करते मी. राहा तुम्ही, अप्पा. काय करणार आहात तिकडे एकटे?”

“बरं,” मी म्हणालो.

त्याला आता सात वर्षं झाली. वृंदा माझ्याशी पोटभर बोलते, माझ्या किश्श्यांना हसते. मी बाजारात जातो तेव्हा भाजीवाल्या बायकांशी स्पॅनिशमध्ये हुज्जत घालतो. तक्रार करावी असं काहीच नाही. ज्या चुकीसाठी तिनं मला माफ केलं ती चूक माझ्या हातून झालीच नव्हती, एवढी एकच गोष्ट आमच्या दोघांमध्ये बसलेली आहे, आणि ती मला एकट्यालाच दिसते.

मेरिदात चार-पाच मराठी घरं आहेत. ती मंडळी जेवायला आली की वृंदा हमखास ती हकिगत सांगते. आता ती हसत सांगते. शेखचाचांची नक्कल करते. आठ मोजले, आठ भरले, आणि हे निघाले! सगळे हसून लोटपोट होतात. मीही हसतो.

परवा तिची एक मैत्रीण नवऱ्याला घेऊन पहिल्यांदाच आली होती. पोट धरून हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “पण काका, मग तुम्हाला आठवलं कुठं?”

वृंदा आमटी वाढत होती. पळी हातात तशीच धरून तिनं माझ्याकडे बघितलं. ती हसतच होती.

“विमानतळावर,” मी म्हणालो. “त्यांचं विमान उडाल्यावर.”